फोन हातात दिला, फोटोत घेतलं नाही

पत्र थोडक्यात असं : लिहिणाऱ्या वाचक चौतीस वर्षांच्या आहेत. मूळच्या अकोल्याच्या. तिथे एका पतसंस्थेत नऊ वर्षं नोकरी केली. मिस्टरांची बदली झाली म्हणून गेल्या जूनमध्ये डोंबिवलीला आल्या. मुलगी तिसरीत. जुलैपासून फोर्टमधल्या एका कंपनीत अकाउंट्सचं काम करतात. रोज सकाळी तीच गाडी, तोच लेडीज डबा, तेच दार. सुरुवातीच्या आठवड्यात दिवा स्टेशनजवळ गाडी बराच वेळ थांबली, तेव्हा त्या सहज बोलून गेल्या, "काहून थांबून राहिली बाप्पा गाडी?" समोरच्या दोघी हसल्या. एकीनं "बाप्पा!" असं हळूच म्हणूनही दाखवलं. तेव्हापासून या कानात इअरफोन घालून बसतात. गाणं लावलेलं नसतं. नवरात्रात रोज त्या त्या दिवसाच्या रंगाचे कपडे घालून गेल्या. फोटोची वेळ आली तेव्हा ग्रुपमधल्या बाईनं यांच्याच हातात फोन दिला, "काढता का जरा?" यांनी चार फोटो काढून दिले. ऑफिसात डबा आपल्या टेबलावरच खातात. आता शेजारच्या विंगमधल्या एका बाईंनी हळदीकुंकवाला बोलावलंय, पण ते तोंडदेखलं असणार अशी यांची खात्री आहे. मिस्टर म्हणतात, "तू फार विचार करतेस." पत्राचा शेवट असा : "अकोल्यात मी अशी नव्हते. माझ्यातच काही कमी आहे का? आधी आत्मविश्वास कसा आणू, म्हणजे मग माणसांत मिसळता येईल?"

तुमचं पत्र मी दोनदा वाचलं आणि दोन्ही वेळा त्या फोटोपाशी अडखळले. रोज सकाळी रंग बघून कपडे काढायचे, इस्त्री करायचे, मुलीचा डबा, आपला डबा, धावतपळत प्लॅटफॉर्म, आणि शेवटी फोन हातात. 'त्यात काय एवढं' असं मी म्हणणार नाही. लागणारच. मलाही लागलं असतं.

पण लागून झाल्यावर आपण तो प्रसंग पुन्हा एकदा बघू या, या वेळी समोरच्या बाकावरून. एक बाई रोज आपल्या समोर बसते. कानात इअरफोन. कधी आपल्याकडे बघत नाही, हसत नाही. नवरात्रात मात्र रोज बरोब्बर त्याच रंगात येते. आपल्याला फोटो काढायचा आहे, सगळ्या फोटोत हव्या आहेत, म्हणजे कुणाला तरी सांगायला हवं. हिला विचारू या, हिचे हात मोकळे आहेत. समोरून एवढंच दिसतं. 'ही बाई आपल्यातली नाही, हिला जागा दाखवून देऊ' असा ठराव त्या बाकावर झालेला असण्याची शक्यता मला फार कमी वाटते. 'हिला फोटोबिटो आवडत नसेल' असं कुणी मनात म्हटलं असेल, हे मात्र अगदी शक्य आहे. तुम्ही कानात जे घालून बसता त्याचा समोरच्याला लागणारा अर्थ 'मी घाबरले आहे' असा नसतो. 'मला बोलायचं नाही' असा असतो.

हे मी अंदाजानं सांगत नाही. मी स्वतः कोल्हापूरकडची. आमच्याकडे बायकाही 'मी आलो', 'मी जेवलो' असंच बोलतात. पुण्याला हॉस्टेलवर गेल्यावर पहिल्याच आठवड्यात मेसमध्ये मी "मी जेवलो" म्हटलं आणि टेबलावर हशा पिकला. एकीनं विचारलं, "जेवलास? काय जेवलास?" झालं. पुढचं वर्षभर मी प्रत्येक वाक्य आधी मनात तपासून घ्यायची आणि मग बोलायची. तपासून होईपर्यंत विषय बदललेला असायचा. मग गप्प. तिसऱ्या वर्षाला 'जेवलास'वाली माझी रूममेट झाली, आणि एका रात्री म्हणाली, "पहिल्या वर्षी तू आमच्याशी बोलायचीच नाहीस. आम्हाला वाटायचं, हिला मार्कांचा गर्व आहे." मी थक्क झाले. मी भीतीनं मिटून बसले होते आणि पलीकडून तो शिष्टपणा दिसत होता. तिला तर ते 'जेवलास' आठवतही नव्हतं. मला आजही आठवतं.

याचा अर्थ तुमच्या बोलण्याला हसल्या ते ठीक झालं, असा नाही. इथे मी तुमच्या मिस्टरांपेक्षा वेगळं म्हणेन. 'तू फार विचार करतेस' हे अर्धंच खरं आहे. पुण्यामुंबईत वऱ्हाडी, मराठवाडी, अहिराणी, मालवणी ऐकली की हसायचं, ही सवय खरी आहे आणि वाईट आहे. नाटका-मालिकांतल्या नोकराच्या आणि गावंढळ पाहुण्याच्या तोंडी वर्षानुवर्षं हीच भाषा घातल्यावर दुसरं काय होणार? तुमच्या मनात शंका आली ती आभाळातून पडलेली नाही. कुणीतरी ती पेरली. पण ती भाषेबद्दलची होती. तिचा 'माझ्यातच काही कमी आहे' असा विस्तार तुम्ही घरी बसून केलात. मन चिंती ते वैरी न चिंती म्हणतात ते यालाच.

आणि भाषेचंच म्हणाल, तर लीळाचरित्र हा मराठीतला आद्य गद्य ग्रंथ मानतात, आणि तो तेराव्या शतकात म्हाइंभटांनी सिद्ध केला तो तुमच्या वऱ्हाडात, अमरावती जिल्ह्यातल्या रिद्धपूरला. राज्याचं मराठी भाषा विद्यापीठही अलीकडे तिथेच सुरू झालं. म्हणजे मराठी गद्य जिथे पहिल्यांदा उभं राहिलं, तिथल्या बाईनं दिव्याजवळ गाडी थांबल्यावर तोंड उघडायला घाबरावं, ही मोठीच गंमत आहे. अर्थात हे सगळं माहीत असून अडकलेल्या गाडीत त्याचा फारसा उपयोग होत नाही, हेही मला कळतं. कुणी "बाप्पा!" म्हटलं तर आपण काय रिद्धपूरचा दाखला देणार? त्यापेक्षा हसून "हो, आमच्याकडे बाप्पा सारखा लागतो, तुमच्याकडे दहाच दिवस येतो" असं म्हणता आलं तर बरं. त्या वेळी सुचत नाही, ठाऊक आहे. पण पुढच्या वेळेसाठी जवळ ठेवा.

आता तुमच्या पत्रातलं ते वाक्य : अकोल्यात मी अशी नव्हते. यावर मला थोडा वेळ घालवायचाय, कारण मला वाटतं सगळी गाठ इथेच आहे.

अकोल्यात तुम्ही वेगळ्या होतात असं तुम्ही धरून चालला आहात. मला वाटतं, अकोल्यात तुमची परीक्षाच झाली नव्हती. तिथे शाळेतल्या मैत्रिणी होत्या, माहेरची गल्ली होती, पतसंस्थेत नऊ वर्षं त्याच खिडकीपाशी बसून तेच खातेदार भेटत होते. कुणाच्या मुलीचं लग्न आहे म्हणून एफडी मोडायची, कुणाचं सोयाबीन भिजलं म्हणून हप्ता थकला, हे सगळं तुम्हाला न विचारता कळत असणार. त्या ओळखी तुम्ही 'केल्या' नव्हत्या. त्या साचत गेल्या, गावातल्या जुन्या वाड्याच्या भिंतीवर शेवाळ साचतं तशा. कधी धरल्या ते कळलंही नाही. त्यामुळे तुमचा असा समज झाला की माणसं जोडणं हा आपल्या स्वभावातला गुण होता, आणि डोंबिवलीत येताना तो हरवला.

हरवलेलं काही नाही. तास कमी पडतायत.

हे तासांचं प्रकरण मी शब्दशः सांगते आहे. अमेरिकेतले जेफ्री हॉल नावाचे संवादशास्त्राचे प्राध्यापक आहेत. नव्या गावी राहायला आलेल्या माणसांना आणि नव्यानंच कॉलेजात आलेल्या विद्यार्थ्यांना मित्र किती वेळानं मिळतात, याचा त्यांनी अभ्यास केला. तो २०१८ मध्ये आला. त्यांचा हिशेब असा, की नुसत्या ओळखीचं रूपांतर साध्या मैत्रीत व्हायला सुमारे पन्नास तास एकत्र जातात, 'ही माझी मैत्रीण' म्हणण्यापर्यंत नव्वदच्या आसपास, आणि जिवाभावाच्या मैत्रीला दोनशेच्या वर. तुम्ही अकाउंट्समधल्या, म्हणून हिशेब मांडते. डोंबिवलीहून सीएसएमटीला फास्ट गाडीनं साधारण सव्वा तास धरा. महिन्याचे बावीस दिवस. जुलैपासून आतापर्यंत नुसत्या सकाळच्या प्रवासात तुमचे दीडशेच्या वर तास त्याच बायकांच्या समोर गेले आहेत. तास खर्ची पडलेत, जमा झालेले नाहीत. कारण हॉल यांनाच असंही दिसलं की नुसतं एका जागी असणं पुरत नाही. एका ऑफिसात काम करून घालवलेल्या तासांचीसुद्धा मैत्रीत फार कमी भर पडते. गप्पा, चेष्टामस्करी, कालच्या गोष्टीची आज केलेली चौकशी, हे तास धरले जातात. 'काय गं, मुलीचा ताप उतरला का?' हे वाक्य चार सेकंदांचं असतं, पण ते खात्यात जमा होतं.

म्हणून 'आधी आत्मविश्वास आणू, मग मिसळू' हा तुमचा क्रम मला उलटा वाटतो. विहिरीच्या काठावर बसून पोहणं येत नाही. आत्मविश्वास म्हणजे तरी काय? मागच्या वेळी बोललो तेव्हा काही आकाश कोसळलं नाही, याची आठवण. तुमच्याकडे सध्या एकच आठवण आहे, दिव्याजवळची. तिच्या शेजारी आणखी दहा आठवणी आल्या की ती आपोआप बारीक होईल.

मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांची एक गोष्ट प्रसिद्ध आहे. विवेकनिष्ठ उपचारपद्धती त्यांनी मांडली आणि आपल्याकडे मराठीत ती कि. मो. फडके यांनी रुजवली. एलिस एकोणीस वर्षांचे असताना मुलींशी बोलायला प्रचंड घाबरायचे. त्यांनी स्वतःलाच गृहपाठ दिला. न्यूयॉर्कमध्ये घराजवळच्या बोटॅनिकल गार्डनमध्ये महिनाभर जायचं आणि बाकावर एकटी बसलेली मुलगी दिसली की शेजारी बसून एका मिनिटाच्या आत बोलायला सुरुवात करायची. एकशेतीस जणींच्या शेजारी ते बसले. तीस जणी ताबडतोब उठून गेल्या. उरलेल्या शंभरांशी बोलले. त्यातली एक पुन्हा भेटायला तयार झाली, आणि आलीच नाही. (आजच्या काळात कुणी मुलानं बागेत हा प्रयोग करू नये, तीस जणी का उठल्या ते आपल्याला चांगलंच माहीत आहे.) म्हणजे निकाल बघाल तर भोपळा. पण एलिस यांची भीती गेली, कारण शंभर वेळा नकाराला सामोरं जाऊन ते धडधाकट घरी परतले होते. 'लोकांना मी आवडलेच पाहिजे' आणि 'आवडले तर बरं होईल' या दोन वाक्यांतल्या फरकावर पुढे त्यांची सगळी उपचारपद्धती उभी राहिली. तुमच्या मनात सध्या पहिलं वाक्य आहे. त्या 'च'चं ओझं फार असतं.

आणि तुमचा प्रश्न आगगाडीचाच आहे, तर शिकागोचा एक प्रयोग सांगते. निकोलस एप्ली आणि ज्युलिआना श्रोडर यांनी तिथल्या लोकलच्या प्रवाशांवर तो केला आणि २०१४ मध्ये प्रसिद्ध केला. काही प्रवाशांना सांगितलं, आज शेजारच्या अनोळखी माणसाशी बोला. काहींना सांगितलं, आज गप्प आपल्यापुरते बसा. काहींना नेहमीसारखं. ज्यांना बोलायला लावलं होतं त्यांचा प्रवास सगळ्यांत चांगला गेला. गंमत पुढेच आहे. दुसऱ्या काही प्रवाशांना नुसतं विचारलं, की तुम्हाला असं बोलायला लावलं तर प्रवास कसा जाईल? त्यांचं म्हणणं, सगळ्यांत वाईट. म्हणजे पूर्ण डब्याला वाटत होतं की बाकीच्यांना बोलायचं नाहीये, आणि म्हणून पूर्ण डबा गप्प होता. चार वर्षांनी एरिका बूथबी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आणखी एक गोष्ट दाखवली : पहिल्या भेटीनंतर 'आपण समोरच्याला किती आवडलो' याचा अंदाज माणसं जवळजवळ नेहमीच कमी बांधतात. समोरच्याला आपण वाटतो त्यापेक्षा जास्त आवडलेले असतो. हॉस्टेलमधल्या नव्या रूममेटच्या मनात हा चुकीचा अंदाज कित्येक महिने टिकून होता. माझ्या 'जेवलास'वालीची गोष्ट मला तेव्हा पुन्हा आठवली.

शिकागोपेक्षा आपल्या लेडीज डब्याचं एक बरं आहे. इथे बोलायला सबब शोधावी लागत नाही. तुमच्या लक्षात आलं असेल, लोकलमधली पहिली ओळख "कुठे उतरणार?" या प्रश्नानं होते. तो प्रश्न सीटचा असतो, मैत्रीचा नसतो, म्हणून विचारताना छातीत धडधडत नाही. तेवढ्यानं सुरुवात करा. दुसरं, घाटकोपर गेल्यावर उभ्या असलेल्या एखाद्या नेहमीच्या चेहऱ्याला "मी बरीच बसले, आता तुम्ही बसा" म्हणून दादरपर्यंत जागा द्या. लेडीज डब्यात या चलनाची किंमत तिळगुळापेक्षा जास्त आहे. दोनदा द्या, तिसऱ्या दिवशी ती बाई चढताच तुम्हाला शोधेल. कानातल्या-क्लिपा विकणारी मुलगी येते तेव्हा शेजारणीला विचारा, "हे शाळेत चालेल का हो? मुलगी तिसरीत आहे." मत विचारलेलं कुणाला आवडत नाही? कुणी मेथी निवडत बसली असेल तर एक जुडी आपल्याकडे ओढून घ्या. हे सगळं करताना आपण हुशार, विनोदी, छान वाटलं पाहिजे असं अजिबात नाही. मेथी निवडायला विनोदबुद्धी लागत नाही.

इअरफोन एकदम काढायला सांगत नाही. एका कानातला काढा. आठवडाभर तेवढंच.

बोलताना वऱ्हाडी लपवू नका. लपवायला गेलात की माझ्यासारखं होईल, वाक्य तपासता तपासता स्टेशन येईल. आणि तुम्ही सतत शुद्ध बोलायचा प्रयत्न करत राहिलात तर ज्या बाईशी मैत्री होईल ती तुमची नसेल, तुम्ही उभ्या केलेल्या दुसऱ्याच बाईची असेल. तिला मग रोज सांभाळायचं कोणी?

ऑफिसचं थोडक्यात सांगते. डबा टेबलावर खाणं एकदम बंद करण्याचा संकल्प करू नका, तो दुसऱ्या दिवशी मोडतो. आठवड्यातून एकच वार ठरवा. त्या दिवशी ठेचा किंवा जवसाची चटणी जास्त न्या आणि जेवणाच्या टेबलाशी जाऊन "जरा तिखट आहे, चालेल का?" एवढंच विचारा. पुढचं बोलणं ठेचा करेल.

हळदीकुंकवाला जा. तोंडदेखलं बोलावलं असेल का? असेलही. निम्मी बोलावणी तशीच असतात. बाई जिन्यात भेटली, हातात यादी होती, म्हणून सांगितलं. पण तोंडदेखलं बोलावणं हे खोटं बोलावणं नसतं. ती उघडी ठेवलेली फट असते, आत यायचं की नाही ते तुमच्यावर. आणि हळदीकुंकू तर भित्र्या माणसासाठीच काढलेला कार्यक्रम आहे असं मला कधी कधी वाटतं. काय करायचं ते ठरलेलं, काय बोलायचं ते ठरलेलं, वीस मिनिटांत वाण हातात घेऊन निघता येतं. थोड्या लवकर जा, गर्दी व्हायच्या आधी. घरच्या बाईची तेव्हा धांदल चाललेली असते. "तिळगूळ मी देते, तुम्ही कुंकवाचं बघा" म्हणा. हातात तिळगुळाची वाटी असलेली बाई कोपऱ्यात उभी राहू शकत नाही, प्रत्येकीपुढे जावंच लागतं, आणि प्रत्येक जण तिच्याशी गोड बोलायला बांधलेली असते. पाहुणी म्हणून खुर्चीवर बसलात तर साडीचा पदर नीट करत बसाल.

पुढच्या वर्षी तुमच्या घरी करा, आणि तेव्हा एक बघा. तुमच्या विंगमध्ये कुणी तरी असेल जिला कुणी बोलावत नाही. कुणी विधवा, कुणी एकटी राहणारी, कुणी भाड्यानं राहायला आलेली वेगळ्या भाषेची. तिचं दार आधी वाजवा. हे पुण्य लागावं म्हणून सांगत नाही. 'मला घेतील का' या प्रश्नात माणूस फार दिवस राहिलं की त्याला बाहेर उभी असलेली दुसरी माणसं दिसेनाशी होतात. मी हॉस्टेलवर असताना माझ्याच मजल्यावर लातूरकडची एक मुलगी होती, तीही गप्प. वर्षभर आम्ही एकमेकींसमोरून खाली मान घालून जात होतो, दोघीही आपापल्या दुःखात. त्याचं मला आज वाईट वाटतं.

आता एक सावधगिरी, कारण सगळी माणसं चांगलीच असतात असं मी तुम्हाला सांगितलं तर तुम्ही मला उद्या गाडीतून फोन कराल. काही ग्रुप खरोखर बंद असतात. दारात उभं राहून जागा अडवणाऱ्या, नवीन बाईला टोमणे मारणाऱ्या, चौथ्या सीटवरून भांडणाऱ्या बायका आहेत. तिळगूळ देऊनही कुणी हातात घेऊन पुन्हा आपल्या गप्पांत रमलं, 'बाप्पा'ची नक्कल पुन्हा सुरू झाली, तर त्यांच्या फोटोत जायचा हट्ट सोडा. दार बदला, डबा बदला, दहा मिनिटं आधीची गाडी धरा. तो तुमचा पराभव नाही. त्या डब्यात ऐंशी बायका असतात, तुम्ही सगळं आयुष्य त्यातल्या सातजणींच्या बाकाकडे बघून मोजताय.

आणि मैत्रिणीच हव्यात असंही नाही. रोज नाव घेऊन 'आज उशीर?' म्हणणारा वॉचमन, कोथिंबीर फुकट टाकणारी भाजीवाली, मुलीच्या शाळेबाहेर उभी असणारी दुसरी आई, या पातळ ओळखी असतात. समाजशास्त्रज्ञ मार्क ग्रॅनोव्हेटर यांनी १९७३ सालीच दाखवून दिलं होतं की नोकरीची खबर माणसाला जिवलगांपेक्षा अशा लांबच्या ओळखींतून जास्त मिळते. मला वाटतं, आपण या गावात राहतो ही खबरही तिथूनच मिळते. अकोल्यात तुम्हाला जे 'आपलं' वाटायचं त्यातला किती भाग मैत्रिणींचा होता आणि किती भाग असल्या पन्नास जणांचा, एकदा आठवून बघा.

मिस्टरांना हे पत्र वाचायला द्या. त्यांच्या ऑफिसात त्यांची ओळख बदलीच्या ऑर्डरबरोबरच आली, तुमची तुम्हाला शून्यातून करावी लागतेय, हा फरक कदाचित त्यांच्या लक्षात आलेला नसेल. 'फार विचार करतेस'च्या जागी त्यांनी हळदीकुंकवाच्या संध्याकाळी मुलीला सांभाळलं तर जास्त उपयोग होईल.

एक गोष्ट तुम्ही लिहिलेली नाही, म्हणून विचारते. झोप लागते ना? भूक? सकाळी उठताना छातीवर दगड ठेवल्यासारखं, कशातच गोडी नाही, रडू येतंय, असं रोज दोन आठवड्यांहून जास्त चाललं असेल तर हा नुसता बुजरेपणा नाही, आणि मेथी-तिळगुळानं तो जाणार नाही. मग डॉक्टरांना किंवा समुपदेशकाला भेटा. सरकारची 'टेली मानस' ही हेल्पलाइन आहे, क्रमांक १४४१६, चोवीस तास, मोफत, मराठीतही बोलता येतं. जीव नकोसा वाटतो असं कधी मनात आलं तर दोन आठवडे थांबू नका, त्याच दिवशी लावा.

रथसप्तमीपर्यंत तिळगूळ देता येतो, म्हणजे अजून हातात दिवस आहेत. डब्यात घेऊन जा. आधी जिनं फोन हातात दिला होता तिलाच द्या, ती तुम्हाला ओळखते, तुम्ही तिचे चार फोटो काढलेत. "नवरात्रातले फोटो चांगले आले होते का हो?" असं विचारा. आणि लाडू नेऊ नका, वड्याच न्या, पण गूळ जरा कमी घाला आणि प्रत्येक वडी कागदात गुंडाळा. कुर्ल्यानंतरच्या गर्दीत चिकट हात पुसायला जागा नसते.